उजवीकडे उतरणारं नाक

नॉटिंगहॅम
६ मे २००७

अवधूता,

आधी बातमी, आशीर्वाद शेवटी. मस्टँग मी विकत नाही.

तुझे रघुवीरकाका गेल्यापासून ती गराजमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे, हे तुला माहीत आहे. सदुसष्ट सालची अमेरिकन गाडी, बॉनेट एवढं लांब की वर पापड वाळत घालावेत. शेवटच्या उन्हाळ्यात काकांनी तिला नवं, दांडगं कार्ब्युरेटर बसवलं. ते इतकं उंच निघालं की बॉनेट मिटेना. मग ते आजारी पडले आणि गाडी उघड्या पोटाची राहिली ती राहिलीच.

सुयशला ती विकायची आहे. एजवेअरहून दर रविवारी फोन करून तो आईला समजावतो, आणि आता तर त्याने गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. या वयात मी असली गाडी चालवणं त्याच्या मते शुद्ध वेडेपणा आहे. मी त्याला सांगितलं, गणपतीच्या दिवशी ही गाडी मी स्वतः चालवत तुझ्या दारात आणते. आणली तर गाडी माझी आणि हा विषय कायमचा बंद. नाही आणली तर तू जाणे आणि तुझं गिऱ्हाईक जाणे. तो हसला आणि 'डन' म्हणाला. आईला हसायची त्याला जरा जास्तच सवय आहे.

आता तुझं काम. इथला मेकॅनिक रॉय म्हणतो की बॉनेटला भोक पाडून वर स्कूप बसवावा लागेल. म्हणजे पुढून तोंड उघडं असलेला उंचवटा. कार्ब्युरेटर त्याच्या पोटात मावतं आणि समोरची हवा थेट त्याला मिळते. मला ते लगेच पटलं. मी जन्मभर भूल देणारी डॉक्टर, लोकांच्या श्वासाचा रस्ता मोकळा ठेवणं हाच माझा धंदा. गाडीला नाक हवंय, एवढंच. तयार नाकं मिळतात, पण ती सगळी उंच पुरुषांसाठी. रॉयने एक बॉनेटवर ठेवून दाखवलं. मी पाच फूट. मला रस्त्याच्या जागी नाकच दिसलं.

लहानपणी तू वह्यांच्या मागच्या पानांवर गाड्या काढायचास. माझ्या भावाने तुला सॉफ्टवेअरमध्ये कोंबलं, तेव्हा मी त्याच्याशी महिनाभर बोलत नव्हते. आता मला एक नाक करून दे. कागदावर नको, हातात धरता येईल असं.

आणि उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' करतोस आणि विसरतोस. ईमेलमध्ये चार ओळींत सटकतोस. कागदावर माणूस बरोबर सापडतो.

आशीर्वाद आहेतच.
सुप्रभाआत्या


ब्रॅकनेल
१४ मे २००७

आत्या,

पत्र वाचून ऑफिसात एकटाच हसत बसलो. माझ्या टीम लीडला वाटलं माझा कोड चालला.

करतो. शंभर टक्के करतो. काकांची आठवण अशी धूळ खात पडू द्यायची नाही, हे तुझं मला फार आवडलं. त्या गाड्यांवर मी इतकं वाचलंय की मला झोपेतून उठवून विचार. अमेरिकन लोक याला 'हूड स्कूप' म्हणतात. मी तसं आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीशी बोललो तर तिला वाटलं मी जॅकेटच्या टोपीबद्दल बोलतोय. या देशात हूड डोक्यावर असतं आणि गाडीवर बॉनेट. तेव्हा आपण तुझं 'नाक'च धरून चालू.

मला इतकंच पाठव: कार्ब्युरेटर बॉनेटच्या वर किती येतं, बॉनेटच्या मधल्या भागाचा नेमका बाक कसा आहे, आणि तुला नाक कुठे कमी उंच हवंय. यायला जमेल असं वाटत नाही. रिलीज जवळ आलाय, शनिवार-रविवारही जातात. पण येण्याची गरजही नाही. हल्ली सगळं डेटावर होतं.

तुझा,
अवधूत


नॉटिंगहॅम
२७ मे २००७

डेटावाल्या,

तुझा डेटा खोक्यात घालून पाठवलाय. कुरिअरवाल्याला उचलताना कंबर धरावी लागली.

बॉनेटचा बाक मोजायचा कसा, हा प्रश्न मी अर्धा दिवस घेऊन बसले. मग मधुमतीला फोन केला. आमच्या हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये होती ती, आता रिटायर. मोडके पाय जसे प्लास्टरमध्ये घालतात तसं आम्ही बॉनेटचं प्लास्टर काढलं. आधी क्लिंग फिल्मचं पातळ प्लास्टिक, वर ओल्या पट्ट्या, मग वाळेपर्यंत चहा. शेजारच्या बाई कुंपणावरून बघत होत्या. मधुमतीने त्यांना गंभीर चेहऱ्याने सांगितलं की फ्रॅक्चर आहे, सहा आठवडे हलवायचं नाही.

कार्ब्युरेटर साडेतीन इंच वर येतं. नाक मध्ये उंच राहू दे, पण उजवीकडे चांगला उतार दे. तिकडून मला रस्ता दिसला पाहिजे. बाकी तुझ्या मनासारखं कर.

आणि एक सांगते. आमच्याकडे पेशंटला न तपासता कुणी टेबलावर घेत नाही. दोन तासांचा रस्ता आहे. एकदा येऊन गाडीत बसून जा. रविवारी भरली वांगी करते.

आत्या


ब्रॅकनेल
१० जून २००७

आत्या,

प्लास्टर अप्रतिम. एक तडा नाही. माझा रूम पार्टनर पुष्कर म्हणाला, तुझ्या आत्याला आमच्या प्रोजेक्टवर घ्यायला हवं.

सोबत तीन ड्रॉइंग्ज आहेत. पहिलं दोन्हीकडे सारखा उतार असलेलं. दिसायला छान, पण तोंड इतकं अरुंद होतं की इंजिन गुदमरेल, तेव्हा ते बाद. तिसरं जरा जास्तच रागीट दिसतंय. माझं मत दुसऱ्याला. एक बाजू भिंतीसारखी उभी, मग माथा, मग दुसऱ्या बाजूला तो अलगद उतरत बॉनेटमध्ये मिसळून जातो. असलं नाक कुठल्याही मस्टँगवर नाही. मी शेकडो फोटो बघितलेत, खात्रीने सांगतो.

येणं खरंच जमत नाही. वांग्यांचं वाईट वाटतंय. पण तू काळजी करू नकोस, या गाडीचा इंचन् इंच मला पाठ आहे.

अवधूत


नॉटिंगहॅम
२४ जून २००७

अवधूता,

दुसरंच. बघताक्षणी. रॉयलाही दाखवलं. तो म्हणाला, 'हू ड्रू दिस, डक?' इथे 'डक' सगळ्यांनाच म्हणतात, बदकाचा संबंध नाही. मी म्हटलं, माझा भाचा. हे म्हणताना मला फार बरं वाटलं, म्हणून तुला कळवते.

दोन सूचना. तोंडातून आत गेलेली हवा एकदम खाली वळवू नकोस. श्वासनळीला काटकोन चालत नाही, इंजिनला का चालेल? आणि पाणी जायला मागे बारीक भोकं ठेव. यंदा पाऊस हटायचं नाव घेत नाही, निम्मा देश पाण्यात आहे. नाकात पाणी गेलं की काय होतं ते मला विचार.

येत नाहीस तो नाहीसच. मी आता म्हणणार नाही.

आत्या


ब्रॅकनेल
२९ जुलै २००७

आत्या,

झालं. माझ्या हाताने झालं.

आधी निळ्या फोमचा ठोकळा कापून आकार काढला. मग घासला, पुट्टी लावली, परत घासला. त्यावरून साचा घेतला आणि साच्यात फायबरग्लास. पहिल्या दिवशी ते घट्ट करणाऱ्या रेझिनचं प्रमाण चुकलं आणि डबा हातात तापायला लागला. तो मी बागेत फेकला, तिथलं गवत अजून पिवळं आहे. घरभर वास. पुष्कर म्हणतो त्याच्या वरणालाही रेझिनची चव येते. तो आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हता. साच्यातून नाक सुटलं तेव्हा मात्र बघायला सगळ्यांत पुढे तोच.

आत्या, इतकी वर्षं मी जे काही केलं ते स्क्रीनवर होतं. वीज गेली की नाहीसं होणारं. हे मी रात्री उशाशी ठेवून झोपलो. हसू नकोस.

तुझ्या दोन्ही सूचना पाळल्यात. आत हवा वळत वळत जाते, आणि मागे पाण्याला वाट आहे. रंग रॉयकडून करून घे, काळा, चमक नसलेला. काका बघायला हवे होते.

अवधूत


नॉटिंगहॅम
१२ ऑगस्ट २००७

अवधूता,

नाक आलं. सुंदर आहे. हे मी तोंडदेखलं म्हणत नाही, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. रॉयने ते दोन्ही हातांनी उचललं आणि उजेडात फिरवून फिरवून बघितलं. बॉनेटवर इतकं चपखल बसलं की मधे नखही जाईना.

एकच विचारायचं आहे. मी तुला उतार उजवीकडे सांगितला होता. तू उजवी कशाला म्हणतोस?

आत्या


ब्रॅकनेल
१५ ऑगस्ट २००७

आत्या,

वाटलंच होतं तू हे विचारणार. उत्तर तयार आहे.

तू उजवीकडे लिहिलंस तेव्हा मी दोन मिनिटं थांबलो. गाडी अमेरिकन, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. मग ड्रायव्हरला दिसण्यासाठीचा उतार उजवीकडे कसा असेल? मग डोक्यात प्रकाश पडला. तू प्लास्टर काढताना गाडीच्या समोर उभी होतीस. तुझा उजवा हात म्हणजे गाडीची डावी बाजू. म्हणून मी उतार गाडीच्या डावीकडे दिला. गाडीचं ज्ञान नसलेला कुणी असता तर त्याने डोळे मिटून तू म्हणालीस तसं केलं असतं आणि सगळं काम वाया गेलं असतं. रॉयलाही हे सांग, त्याला मजा वाटेल.

गणपतीला एजवेअरला भेटूच. मीही येतोय.

अवधूत


नॉटिंगहॅम
१७ ऑगस्ट २००७

अवधूता,

स्टिअरिंग उजवीकडे आहे.

आमच्याकडे येण्याआधीच कुणीतरी ते हलवून घेतलं होतं. या देशात चालवायला सोयीचं म्हणून. मी ते लिहिलं नाही, कारण माझ्या उभ्या आयुष्यात स्टिअरिंग उजवीकडेच आहे, पुण्यातही आणि इथेही. सूर्य पूर्वेला उगवतो हेही मी लिहिलं नव्हतं. तू ताडपत्री उचलून खिडकीतून डोकावला असतास तरी दिसलं असतं.

आणि मी समोर उभी होते की मागे, याने काही बिघडत नाही. डॉक्टर उजवा पाय म्हणतो तेव्हा तो पेशंटचा उजवा असतो, बघणाऱ्याचा नाही. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. त्यावरही विश्वास नको म्हणून ऑपरेशनआधी पायावर पेनाने बाण काढतात. मी तुझ्या प्लास्टरवर बाण काढायला हवा होता. घरचाच माणूस आहे म्हणून काढला नाही.

काल रॉयकडे मी सीटवर बसून बघितलं. खाली दोन उशा घेतल्या. माझ्यासमोर तुझी ती सुंदर उभी भिंत आहे. बाजूच्या रिकाम्या सीटवरून मात्र रस्ता झकास दिसतो.

आत्या


ब्रॅकनेल
२० ऑगस्ट २००७

आत्या,

काल तुला तीनदा फोन केला. तू उचलून 'पत्र लिही' म्हणालीस आणि ठेवलास. म्हणून लिहितो.

काय लिहू? तू सांगितलेलं नीट वाचून, त्यावर विचार करून, मी ते चूक केलं. नुसतं वाचून केलं असतं तर बरोबर आलं असतं. बाबांचंच खरं होतं, मी कीबोर्डच्याच लायकीचा. आकार एका बाजूला झुकलेला आहे, त्यामुळे साचा उलटा करून भागत नाही. पहिल्यापासून सगळं करावं लागेल आणि गणपती तोंडावर आलेत. रिलीज अजून संपलेला नाही. माझ्याच्याने होणार नाही.

एक मार्ग सुचतो, रागावू नकोस. नाक आहे तसंच राहू दे. गाडी रॉय चालवेल, तो उंच आहे, त्याला दिसेल. तू निवांत ये. गाडी एजवेअरला पोचल्याशी मतलब, चालवली कुणी हे सुयशदादा थोडंच धरून बसणार? काकांची आठवण घरात राहील, आणि शेवटी तेच तर हवंय ना.

तुझा नालायक,
अवधूत


नॉटिंगहॅम
२२ ऑगस्ट २००७

अवधूत,

रॉयने गाडी आणायची आणि मी निवांत यायचं, हे तू लिहिलंस कसं? त्यापेक्षा सुयशच्या गिऱ्हाइकाला मीच चावी नेऊन देईन. पैज काय लागली आहे ते पहिलं पत्र काढून वाच. मी चालवत आणायची. मी.

आता तुझ्याबद्दल. नालायक वगैरे मला लिहायचं नाही, मी तुझ्या जन्माआधीपासून लोकांना शुद्धीवर आणते आहे. तुला आकार कळतो. नाक पहिल्या झटक्यात बॉनेटवर बसलं, ते नशिबाने नाही बसलं. तुझी चूक हाताची नाही, पायांची आहे. तू आला नाहीस. जिच्यासाठी करायचं तिला न बघता तू केलंस, आणि वर माझ्या शब्दापेक्षा तुझ्या पुस्तकावर विश्वास ठेवलास.

तुझ्या साहेबाला रजा माग. नाही दिली तर मला त्याचा नंबर दे. रॉयने वर्कशॉपचा मागचा कोपरा रिकामा करून ठेवलाय आणि निळा फोम आणलाय. मागच्या खोलीत तुझं अंथरूण घातलं आहे.

पत्र लिहीत बसू नकोस. ये.

आत्या


ब्रॅकनेल
९ सप्टेंबर २००७

आत्या,

काल घरी पोचलो. नखांत अजून पुट्टी आहे आणि पुष्करने मला वास घेऊन ओळखलं. तुझ्याकडे असताना बोलायचं राहिलं ते आता लिहितो. तूच म्हणतेस, कागदावर माणूस सापडतो.

त्या दिवशी तू गाडीत बसली होतीस. बाहेरून काय दिसत होतं ते तुला माहीत नाही. रॉयने कच्चा ठोकळा बॉनेटवर चिकटवला, मी कानस घेऊन उभा. तू आतून स्टिअरिंग धरून म्हणायचीस, 'अजून.' मी घासायचो. 'अजून.' माझ्या मते उतार केव्हाच पुरेसा झाला होता. आणखी घासलं तर रेष बिघडेल म्हणून मी हात आवरत होतो, आणि तू 'अजून' थांबवत नव्हतीस. रॉय हळूच म्हणाला, 'डू ऍज द डॉक्टर सेज, लॅड.' मग मी माझ्या रेषेचा नाद सोडला आणि काचेतून नुसता तुझ्या डोळ्यांकडे बघत घासत राहिलो. एका क्षणी तुझे डोळे ठोकळ्यावरून सुटले आणि लांब रस्त्याच्या टोकाशी जाऊन टेकले. तू 'बस' म्हणायच्या आधीच मी थांबलो होतो. तुझ्या लक्षात आलं का?

खोटं कशाला सांगू, ही रेष पहिल्यापेक्षा सुंदर आहे. मी ती ब्रॅकनेलमध्ये बसून जन्मात काढली नसती.

पहिलं नाक रॉयने ठेवून घेतलं ते तुला माहीत आहे. डर्बीचा कुणी त्याच्याकडे आला होता, त्याच्या मस्टँगचं स्टिअरिंग अजून डावीकडेच आहे. त्याला ते हवंय, आणि त्याच्या मित्रालाही तसलंच एक. मी रॉयला सांगितलं, आधी दोघांच्या गाड्यांत बसेन, मग बोलू. माझे शनिवार आता नॉटिंगहॅमला. साहेबाला सांगून झालंय, त्याचा चेहरा पडला. मागच्या खोलीतलं अंथरूण काढू नकोस.

शनिवारी एजवेअरला यायचं ठरलं होतं, पण घेतलेल्या रजेची भरपाई त्याच दिवशी करायची आहे. तू नीट चालव. रॉय म्हणतो मोटरवेवर डावी लेन सोडू नकोस. आणि पोचल्यावर लिही. काकांना किती समाधान वाटलं असतं.

अवधूत


एजवेअर
१६ सप्टेंबर २००७

अवधूता,

आणली.

रॉयने सकाळी बॉनेट लावून खिट्ट्या घट्ट केल्या, काच पुसली आणि बाजूला झाला. एम वन मोटरवेला लागेपर्यंत मी जीव मुठीत धरून चालवत होते, हे तुला सांगायला हरकत नाही. सुयशला सांगू नकोस. लेस्टरच्या पुढे अंगात आलं म्हण. पाय दाबला की नाकातून हवा आत ओढल्याचा आवाज यायचा, खोल, मोकळा, कसलाही अडथळा नसलेला. तो आवाज मी जन्मभर कान लावून ऐकलाय, माणसांचा. रॉयची डावी लेन मी दोनदा सोडली. एका लॉरीला मागे टाकलं तेव्हा ड्रायव्हरने वरून वाकून बघितलं. त्याला वाटलं असणार गाडी रिकामीच चालली आहे.

आणि मला रस्ता दिसत होता. सगळा. तू थांबलास तेव्हा माझे डोळे जिथे टेकले होते, त्याच्याही पुढचा. मी 'बस' म्हणायच्या आधी तू थांबलास, ते माझ्या लक्षात आलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही, डोक्यात हवा जाते.

आता एक गोष्ट, जी मी सगळ्या पत्रांत गिळली. तू दर पत्रात काकांची आठवण, काकांचं समाधान असं लिहीत होतास, आणि मी ते खोडत नव्हते. इतकी वर्षं मी त्या गाडीत डावीकडे बसले, मांडीवर नकाशा घेऊन. चावी मागितली की ते म्हणायचे, 'सुप्रभा, तुला बॉनेटच्या पलीकडचं दिसायचं नाही.' प्रेमाने म्हणायचे, त्यामुळे भांडताही यायचं नाही. हॉस्पिटलात माझ्या हातात माणसांचा श्वास असायचा आणि घरी आल्यावर गाडीची चावी नसायची. ते गेले तेव्हा मी खूप रडले, अजूनही रडते. माझा नवरा फार चांगला होता. पण ताडपत्री मी त्यांच्यासाठी काढली नाही रे. मला ती गाडी चालवायची होती. एवढंच होतं सगळं.

सुयश दारातच उभा होता. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला तेव्हाच म्हणे त्याला कळलं. सुनेने गाडीलाही ओवाळलं. अक्षया उड्या मारत म्हणाली, 'आजी, तुझा गाडी किती मोठी आवाज करते!' तिचं मराठी मी नंतर दुरुस्त करेन, कौतुक आधी घेतलं. आरती झाली, मोदक झाले. सुयशने सगळ्यांसमोर सांगितलं की आई जिंकली, गाडी तिची, गिऱ्हाइकाला उद्याच कळवतो. चांगला मुलगा आहे. शब्दाला जागला.

मग तो बाहेर येऊन गाडीभोवती फिरला, तुझ्या नाकावरून हात फिरवला, आणि ड्रायव्हरच्या दाराशी येऊन माझ्यापुढे तळहात धरला. 'दे चावी आई, एक राउंड मारून आणतो.'

मी म्हटलं, 'चल ना. डावीकडून बस.'

त्याने तळहात खाली घेतला. मग वळसा घालून गेला आणि बसला. बसल्यावर मान उंच केली, मग डावीकडे वाकला, मग म्हणाला, 'आई, इथून समोरचं अर्धं दिसतच नाही.'

'मला दिसतंय,' मी म्हटलं, आणि गाडी सोडली.

सुप्रभा